बियाण्यासाठी गावरान भांग निवडताना नाव बघू नका, वापर बघा

तुमचा प्रश्न मोठाय, म्हणून आधी मला तो जसा कळला तसा लिहितो, बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही राहुरीहून एम.एस्सी. करून आता पौडी गढवालकडे परवाना असलेल्या शेतकरी गटासोबत काम करताय, दाण्यासाठी आणि जमल्यास धाग्यासाठी तिथला स्वतःचा वाण तयार करायचाय, टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) ०.३ टक्क्याच्या आत ठेवायची अट आहे. यादीत गढवाल-कुमाऊंची गावातली भांग, मलाना (हिमाचल), इडुक्की (केरळ), मणिपूर आणि कुणीतरी देऊ केलेली ‘अफगाण लँडरेस’ (म्हणजे गावरान वाण) अशी पाकिटं आहेत. कुठला घ्यायचा, किती झाडं घ्यायची, आणि एक जोडप्रश्न, की सांगलीला घरच्या रानात एक छोटा प्लॉट टाकला तर चालेल का.

जोडप्रश्न आधी उरकतो. नाही चालणार. एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, कलम ८ नुसार लागवडच बंद, कलम १० खाली राज्य सरकार परवानगी देऊ शकतं आणि कलम १४ खाली फक्त धागा, दाणा किंवा बागायती कामासाठी सरकार आदेश काढून सूट देऊ शकतं. उत्तराखंडने तो रस्ता २०१८ मध्ये उघडला म्हणून तुम्ही तिथं काम करू शकताय. सांगलीत तोच दाणा पेरलात तर कलम २०, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड, मग तुम्ही कितीही सांगा की साहेब हे ब्रीडिंग आहे. २०२१ ला मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने बाकी पिकाला भाव नाही म्हणून दोन एकर गांजा लावायची परवानगी थेट कलेक्टरकडे मागितली होती, बातमी देशभर फिरली, पण कायदा आहे तिथंच आहे. नुसता दाणा गांजाच्या व्याख्येत येत नाही हे खरं, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०२१ मध्ये भांगेचा दाणा, तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलंय, पण दाणा खाणं वेगळं आणि मातीत टाकणं वेगळं. परवाना ज्या जागेचा आहे त्या जागेबाहेर एक ओळसुद्धा नको.

आता मुद्द्यावर. तुमची यादी बघितल्यावर पहिलं वाटलं ते हे की तुम्ही नावं गोळा केलीत. मलाना म्हटलं की डोळे चमकतात, इडुक्की म्हटलं की चमकतात, पण ती नावं कशामुळे झाली ते बघा ना, ती नशेच्या मालामुळे झाली. तुम्हाला दाणा पाहिजे. गावरान वाण म्हणजे शेकडो वर्षं लोकांनी जे केलं त्याचा साठलेला परिणाम असतो, जे उपटलं ते गेलं, जे पुढच्या वर्षासाठी मडक्यात ठेवलं ते राहिलं. त्यामुळे वाण निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो, ज्यांनी हे बियाणं सांभाळलं ते त्याचं काय करत होते? खात होते, दोर वळत होते, हातावर चरस चोळत होते की गांजा वाळवत होते? त्या उत्तरातच तुमची अर्धी निवड होऊन जाते.

गांजाच्या पद्धतीचंच घ्या. १८९३-९४ च्या, ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या रिपोर्टात बंगालमधल्या नौगाव भागातली, मध्य प्रांतात खांडव्याकडची आणि आपल्या नगर जिल्ह्यातली गांजाची लागवड आलीय. नौगावला तर शेतातली नर झाडं ओळखून काढायला खास जाणकार माणूस बोलवायचे, पोद्दार म्हणायचे त्याला, कारण मादीला पराग लागला की दाणे भरतात आणि गांजाची किंमत पडते. आता ब्रीडर म्हणून विचार करा, अशा शेतात पुढच्या वर्षाचं बी येतं कुठून? नजरेतून सुटलेल्या एखाद्या नरापासून, नाहीतर मादी झाडावरच जी चार नर फुलं येतात त्यांच्यापासून. पिढ्यानपिढ्या हेच चाललं की काय होईल ते तुम्हाला सांगायला नको, एकतर नरांची बाजू फार अरुंद होते आणि दुसरं म्हणजे मादीवर नर फुलं येण्याची खोड नकळत जपली जाते. दाणा मोठा असावा, एकदम पिकावा, गळू नये, यासाठी तिथं कुणी कधी निवड केलीच नाही, उलट दाणा हा त्यांचा शत्रू. म्हणून इडुक्की आणि तशी गांजाची सगळी खानदानं माझ्या मते तुमच्या प्रकल्पातून पहिल्या फेरीतच बाद.

इडुक्कीला आणखी एक अडचण आहे, दिवसाची लांबी. भांग हे लहान दिवसाचं झाड, रात्र पुरेशी लांबली की फुलावर येतं. इडुक्की १० अंशावर, तिथं जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा पावणेतेरा तासांच्या आत, आणि पौडी ३० अंशावर, तिथं जूनमध्ये चौदा तास. इडुक्कीचं झाड पौडीला लावलं की ते नुसतं वाढत राहतं, दिवस बारा तासांवर येईपर्यंत सप्टेंबर संपतो, फूल ऑक्टोबरात, आणि दाणा भरायच्या वेळी डोंगरात दहिवर गोठायला लागतं. दहा फुटी झाड आणि दाणा शून्य. मणिपूर २४-२५ अंशावर आहे म्हणून एवढं वाईट नाही होणार, पण तेही उशिरा येणारं आणि गांजासाठीच राखलेलं, त्यात वेळ घालवू नका. उलट दिशेची चूकही लोक करतात, युरोपातलं मोनोशियस (नर-मादी फुलं एकाच झाडावर येणारं) बियाणं आणून पेरतात आणि ते गुडघ्याएवढं असतानाच फुलतं, कारण त्याला चौदा-पंधरा तासांचा दिवस म्हणजेच आता आवरा असा इशारा. त्यावर पुढे येतो, कारण युरोपाचं एका कामासाठी लागणार आहे.

मलानाचं जरा वेगळंय. तिथं झाडावरच हात चोळून चरस काढतात, नर काढायची तशी सक्ती नसते, दाणे भरपूर धरतात, त्यामुळे नरांची बाजू गांजाच्या वाणांइतकी आटलेली नाही. पण मलाना आणि पार्वती खोऱ्यात गेली कित्येक दशकं बाहेरचे लोक बाहेरचं बियाणं घेऊन येतायत, आणि भांगेचा पराग वाऱ्यावर किलोमीटरच्या किलोमीटर जातो, त्यामुळे आज तिथून आणलेल्या पुडीत जुनं किती आणि हॉलंडचं किती हे डोळ्यांनी कुणीच सांगू शकत नाही, पुडी देणाराही नाही. मॅकपार्टलंड आणि अर्नेस्ट स्मॉल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दक्षिण आणि मध्य आशियातल्या या भांगेचं चार गटांत वर्गीकरण केलं, आपल्याकडची लागवडीची इंडिका, तिची रानटी नातेवाईक हिमालयेन्सिस, मध्य आशियाची लागवडीची अफगानिका आणि तिची रानटी अस्पेरिमा. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की संकरित बियाण्याच्या भेसळीमुळे हे जुने वाण संपत चाललेत. ही काळजी म्युझियमवाल्यांची नाही, तुमची आहे, कारण तुम्ही गावरान समजून जे आणाल त्यात तीन पिढ्यांपूर्वीचा कुठलातरी हायब्रिड निघाला तर मिसळलेले गुण पुढच्या पिढीत वेगळे पडणं (सेग्रिगेशनच म्हणा) तुमच्या प्लॉटमध्ये सुरू होईल आणि तुम्हाला वाटेल की वा, काय विविधता आहे.

अफगाण पाकिटं परत द्या. एकतर कुठल्या गावाचं, कुठल्या वर्षाचं, किती झाडांवरून घेतलं याचा पत्ता नाही, दुसरं ते परदेशातून आलं असेल तर प्लँट क्वारंटाइनच्या २००३ च्या आदेशाखाली परमिट लागतं, आणि तिसरं शेतीचं कारण म्हणजे ते झाड कोरड्या हवेचं, रुंद पानाचं, बोंडं (फुलांचे झुपके) गच्च. गढवालच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात त्या गच्च बोंडांत बुरशी शिरली की आतून सडतं, बाहेरून चार दिवस कळतही नाही. त्यात एक आमिष आहे ते मला माहितीय, मध्य आशियाच्या हशिशच्या पॉप्युलेशनमध्ये सीबीडीवाली (नशा न आणणारं द्रव्य असलेली) झाडं अधूनमधून सापडतात आणि आपल्या दक्षिण आशियाच्या भांगेत ती फार दुर्मिळ. पण त्यासाठी याहून सरळ वाट आहे.

मग राहिलं काय, तर गढवाल-कुमाऊं. आणि हे ‘राहिलं म्हणून’ नाही, सगळ्यात पहिलं नाव तेच असायला हवं होतं. तिथं लोक दाणा खातात हो! भांगेची चटणी घरोघरी, गडेरीच्या म्हणजे अळकुड्यांच्या भाजीत दाणा वाटून त्याचं पाणी घालतात, थंडीत भाजून खातात, तेल काढतात, आणि देठाच्या सालीचा दोर आणि पूर्वी कापड. म्हणजे पिढ्यानपिढ्या तिथल्या बाईने सुपात पाखडून मोठा, भरलेला, न गळालेला दाणा पुढच्या वर्षाला ठेवलाय. तुम्हाला जे पुढच्या दहा वर्षांत करायचंय त्याचा निम्मा रस्ता तिने चालून ठेवलाय. शिवाय दिवसाची लांबी, पाऊस, उंची सगळं आपोआप जुळलेलं.

पण तिथंही ‘कुमाऊं’ असं एक पोतं आणू नका. रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडक्या घरात जी भांग उगवते ती आणि परसात गोठ्यामागे खतावर जी मुद्दाम पेरतात ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी एकमेकींत पराग सतत जात असला तरी. दाणा हातात घेऊन बघा. रानटीचा बारीक, लांबी साधारण ३.८ मिलिमीटरच्या खाली, वर ठिपक्याठिपक्यांची साल चिकटलेली, खाली देठाकडे निमुळता मानेसारखा भाग, आणि पिकला की झाडावर थांबतच नाही, हात लावला की गळतो. पेरलेल्या भांगेचा दाणा मोठा, साल निघून गेलेली, आणि झाड हलवलं तरी बराच टिकतो. उगवणही बघा, रानटी दाणा महिनोन्‌महिने झोपून राहतो, उगवला तर एकेक करून, घरचा दाणा आठवड्याभरात सगळा वर. हजार दाण्यांचं वजन प्रत्येक गावच्या नमुन्याचं काढाच, युरोपच्या वाणांचं साधारण १५ ते २० ग्रॅम असतं, त्याच्याशी ताडून बघता येईल की आपण कुठं उभे आहोत. जिथं लोक अजून खातात, विकत नाहीत, आणि गाव रस्त्यापासून आत आहे, तिथं जा. आणि म्हाताऱ्या बायकांना विचारा, सरपंचाला नाही. बी कुणाकडून आणलं, शेवटचं कधी बदललं, चटणीला कुठल्या घरचा दाणा चांगला, ही माहिती त्यांच्याकडेच असते.

प्रत्येक गावात किती झाडांवरून घ्यायचं? यात लोक फार कंजूषपणा करतात. साधा हिशोब आहे, एखादा जीन पॉप्युलेशनमध्ये ५ टक्क्यांच्या प्रमाणात असेल आणि तो आपल्या नमुन्यात ९५ टक्के खात्रीने यावा असं वाटत असेल तर यदृच्छेने घेतलेले ५९ गॅमेट (प्रजनन पेशी, दर झाडामागे दोन धरायच्या) लागतात, म्हणजे परपरागी पिकात निदान तीसेक झाडं. मी पन्नासच्या खाली थांबू नका म्हणेन, कारण काही उगवणार नाहीत आणि काही बहिणी-बहिणी निघतील. शेताच्या मधल्या झाडांवरून घ्या, बांधाकडची सोडा, कारण रानटी पराग आधी बांधालाच लागतो. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मादीचं बी वेगळ्या पाकिटात. एकत्र करणं नंतर कधीही जमतं, वेगळं करणं कधीच नाही. पाकिटावर गाव, उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, घर, वापर.

आता नरांचं, इथं भांगेचे निम्मे प्रकल्प बुडतात. हौशी लोक एक ‘बेस्ट’ नर निवडतात आणि वीस माद्यांवर सोडतात. परिणामकारक संख्येचं सूत्र तुम्ही शिकलाच असाल, चार गुणिले नर गुणिले मादी, भागिले दोघांची बेरीज. एक नर वीस मादी, उत्तर ३.८. म्हणजे शेतात एकवीस झाडं उभी पण आनुवंशिक हिशोबाने चारसुद्धा नाहीत, एकाच पिढीत १३ टक्के इनब्रीडिंग (जवळच्या नात्यातला संकर) वाढलं. १० नर ४० मादी केले की ३२. २५ नर २५ मादी, पन्नास, मग पिढीला एकच टक्का. तेवढीच झाडं, तेवढीच जागा, फक्त नर जास्त ठेवायचे. तरी लोक ऐकत नाहीत कारण नर उपटायची सवय गांजावाल्यांकडून आलीय आणि इंटरनेटवरचं भांगेचं बहुतेक ज्ञान त्यांचंच आहे.

तुम्ही राहुरीचे म्हणून बाजरीचं उदाहरण देतो, तुम्हाला लगेच लागेल. आयसीटीपी ८२०३ हा वाण इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने उत्तर टोगोमधल्या इनियादी या गावरान बाजरीच्या आतूनच काढला, पाच निवडक ओळी एकत्र करून, १९८८ ला तो आपल्याकडे आला. आणि मग त्याच आयसीटीपीच्या पोटातून लोह जास्त असलेल्या अकरा ओळी निवडून, आपसात फिरवून धनशक्ती झाला, २०१२ ला महाराष्ट्रात प्रसारित. बाहेरून काही न आणता. टोगोच्या शेतकऱ्याने लोहासाठी कधी निवड केली नव्हती, पण पॉप्युलेशन रुंद ठेवलं गेलं म्हणून ती विविधता आत पडून होती. तुमच्या प्रकल्पाचा आराखडा हाच ठेवा, पॉप्युलेशन आत आणा, रुंद ठेवा, आतून निवडा.

फरक एवढाच की बाजरीच्या कणसाला पिशवी घालून स्वपरागण करता येतं, भांगेत नर वेगळा मादी वेगळी, आणि नरावर दाणाच नाही तर त्याची दाण्याची गुणवत्ता बघणार कशी? त्याचं उत्तर कुटुंबं, म्हणजे एकेका मादीची सगळी पिल्लावळ. प्रत्येक मादीच्या पाकिटातलं अर्धं बी ओळीत पेरा, अर्धं फ्रीजमध्ये ठेवा. ओळींची तुलना करा, दाणा, पक्वता, गळ, उंची, बुरशी, आणि मग पुढच्या हंगामात चांगल्या ठरलेल्या कुटुंबांचं ठेवलेलं बी काढून एकत्र पेरा आणि त्यांच्यातलेच नर त्यांच्यातल्याच माद्यांना मिळू द्या. असं केलं की वाईट कुटुंबांचा पराग निवडीत घुसत नाही. एक हंगाम जास्त जातो पण निवड दोन्ही बाजूंनी होते. नरांमध्ये जे बघता येतं ते बघाच, खोडाची जाडी, पेऱ्याची लांबी, फुलायची तारीख, रोग. आणि लवकर फुलणारा नर म्हणजे चांगला नर असं धरू नका, सगळ्यात आधी पराग सोडणारे चार-पाच नर आवरले नाहीत तर अख्खं पुढचं पीक नकळत लवकर येणारं आणि बुटकं व्हायला लागतं.

मादीवर नर फुलं दिसली की ते झाड बाहेर, दयामाया नाही, आणि ओळीत अशी दोन-तीन झाडं निघाली तर अख्खी ओळ बाहेर.

आता टीएचसी, जे तुमचं खरं दुखणं आहे. बऱ्याच जणांची समजूत आहे की ऊन आणि उंचीमुळे टीएचसी वाढतं, थंड जागी लावलं की कमी होईल. एकूण राळ किती यावर हवामानाचा, खताचा परिणाम होतो, पण टीएचसी आणि सीबीडी यांचं एकमेकांशी प्रमाण झाडाच्या जीनमध्येच ठरलेलं असतं. डे मायर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ते मेंडेलच्या वाटाण्याच्या प्रयोगासारखं साफ दाखवलं, जीनची एक जागा, तिची दोन रूपं म्हणजे दोन अ‍ॅलील, दोघंही व्यक्त होतात, टीएचसीवालं टाइप एक, मिश्र टाइप दोन, सीबीडीवालं टाइप तीन, आणि एफ-२ मध्ये (संकराच्या दुसऱ्या पिढीत) १:२:१. आपली पहाडातली भांग बहुतेक सगळी टाइप एक. म्हणजे दाणा खाणाऱ्यांची भांग असली तरी तिच्या बोंडात ०.३ च्या वर टीएचसी निघणारच, लोकांनी त्याच्या विरुद्ध कधी निवड केलेलीच नाही, त्यांना गरजच नव्हती. ही सगळ्यात मोठी अडचण आहे आणि नुसत्या ‘कमी टीएचसीची झाडं निवडू’ या बोलण्याने ती सुटत नाही. टाइप एकमध्ये तुम्ही ३ टक्क्यांवरून १ टक्क्यावर याल, ०.३ वर टिकून राहणं कठीण, एखाद्या चांगल्या हंगामात परत उसळी मारतं.

म्हणून पहिल्याच वर्षी सगळ्या कुटुंबांची छाननी करा. प्रमाण लहान झाडाच्या पानातही कळतं, बोंडापर्यंत थांबायची गरज नाही, आणि त्या जागेचे पीसीआर मार्करही (डीएनएवरून टाइप ओळखायच्या खुणा) आहेत, कुठल्याही बऱ्या मॉलिक्युलर लॅबमध्ये होतात. शेकड्याने झाडं तपासलीत आणि टाइप दोन किंवा तीनची सापडली, तर सोनं समजा, घरच्या घरात काम झालं. नाही सापडली तर मग युरोप. त्यातही मोनोशियस किंवा फिनोलासारखं उत्तरेचं नको, कार्मान्योला घ्या किंवा कोम्पोल्ती. कार्मान्योला हा इटलीच्या पिएमाँतचा जुना गावरान वाण, उंच, उशिरा येणारा, नर-मादी वेगळे, म्हणजे आपल्या झाडाच्या सवयीच्या त्यातल्या त्यात जवळ. परवानगी घेऊनच आणा, आणि आणल्यावरही प्रत्येक झाड तपासा, जुन्या वाणात सरमिसळ असतेच.

पण संकर करून थांबायचं नाही, नाहीतर पाच वर्षांनी तुमच्याकडे अर्धा इटालियन वाण असेल आणि चटणी करणारी म्हातारी तोंड वाकडं करेल. बॅकक्रॉस करा, म्हणजे संकर परत परत गढवालीलाच लावा. एफ-१ (संकराची पहिली पिढी) सगळं टाइप दोन. ते परत गढवालीला लावलं की निम्मी झाडं टाइप दोन, ती पानावरूनच ओळखा, बाकीची काढा, परत गढवालीला. पहिल्या बॅकक्रॉसला ७५ टक्के आपलं, दुसऱ्याला ८७.५, तिसऱ्याला जवळपास ९४. मग त्यांना आपसात मिळवा, चौथा हिस्सा टाइप तीन निघेल, ते पुढे न्या. आणि इथं परत तोच नियम, दरवेळी गढवालीची वेगवेगळी तीस-चाळीस झाडं वापरा. एकाच आवडत्या मादीवर बॅकक्रॉस करत गेलात तर ९४ टक्के गढवाली मिळेल पण एकाच झाडाची, पॉप्युलेशनची नाही. मी बघितलेल्या कागदावरच्या बहुतेक योजना इथंच घसरतात.

टाइप तीन झालं म्हणजे टीएचसी शून्य असंही नाही. सीबीडी बनवणारं एन्झाइमसुद्धा थोडं टीएचसी सांडतंच, साधारण वीस-पंचवीसला एक. त्यामुळे सीबीडी ६-७ टक्क्यांवर गेलं की टीएचसी आपोआप ०.३ ला भिडतं. तुम्हाला दाणा पाहिजे, सीबीडी नाही, तर राळ कमी असलेलीच टाइप तीन झाडं निवडा, दोन्ही कटकटी जातात. रिपोर्ट वाचताना एकूण टीएचसी बघा, म्हणजे टीएचसी अधिक ०.८७७ गुणिले टीएचसीए (टीएचसीचं कच्चं आम्लरूप), नुसतं टीएचसी छापून ०.१ दाखवणारे रिपोर्ट निरुपयोगी. आणि नमुना कुठल्या दिवशी, झाडाच्या कुठल्या भागातला, ते ठरवून सगळ्या ओळींना एकच ठेवा, कारण फूल जसं पिकतं तसं ते वाढत जातं.

विलगीकरण अंतराचं खरं सांगायचं तर पहाडात ते कागदावरच राहतं. पैदासकार बियाण्याला चार-पाच किलोमीटर मोकळं पाहिजे आणि तिथं तर घरामागे भांग. इन्सेक्ट नेट लावून उपयोग नाही, परागकण २५-३० मायक्रॉनचा, जाळीतून आरामात जातो. त्यातल्या त्यात मधे डोंगराची मोठी धार असलेली बाजूची दरी शोधा, चीडच्या (पाइनच्या) जंगलाने वेढलेलं शेत असेल तर उत्तम, आणि ग्रामपंचायतीला धरून जुलैअखेर आजूबाजूची रानटी भांग एकदा आणि ऑगस्टमध्ये परत एकदा कापून घ्या. त्याची मजुरी बजेटमध्ये आत्ताच धरा, बियाण्यापेक्षा ती जास्त येते.

कागदपत्रांचं लोक टाळतात ते टाळू नका. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, २०२३ ला सुधारणा झाल्या, बियाणं गोळा करण्याआधी राज्य जैवविविधता मंडळाला विचारा की तुमच्या गटाला काय लागू होतं, आणि गावच्या जैवविविधता समितीच्या वहीत नोंद करून घ्या, कुणाच्या घरचं बी घेतलं त्यासकट. गटावर परदेशी व्यक्तीचं किंवा कंपनीचं नियंत्रण असेल तर राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते, तो वेगळाच विषय होतो. उद्या वाण उभा राहिला आणि कुणी हक्क सांगायला आलं तर तीच वही तुमच्या आणि त्या बायकांच्या कामाला येईल. हिमाचलकडेही लक्ष ठेवा, तिथं जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी या दोन विद्यापीठांकडे भांग लागवडीचा प्रायोगिक अभ्यास सोपवलाय, पुढेमागे बियाण्याची देवाणघेवाण करायची वेळ आली तर आपल्या नमुन्यांची जन्मकुंडली तयार पाहिजे.

साठवणीचं. भांगेचा दाणा तेलाचा, तिसरा हिस्सा तेल, म्हणून खोलीत दोन उन्हाळे काढले की उगवण झपाट्याने पडते. सावलीत, वाऱ्यावर, मग सिलिका जेलवर वाळवून ओलावा ५-६ टक्क्यांवर आणा, उन्हात पत्र्यावर नाही. हवाबंद फॉइलच्या पाकिटात घालून उणे १८ ला ठेवा. ओलावा एक टक्का कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होतं हा जुना नियम इथंही चालतो. मूळ गावच्या प्रत्येक पाकिटातला एक हिस्सा कधीच पेरायचा नाही, तो तसाच राहू द्या, आणि शक्य असेल तर दुसरा संच दुसऱ्या इमारतीत, कारण डोंगरात लाईट चार-चार दिवस जाते.

या ऑक्टोबर-नोव्हेंबरला दाणा तयार असताना आठ-दहा गावं फिरून या, त्याआधी पेरायला काही घेऊ नका. परत आलात की प्रत्येक गावचं हजार दाण्यांचं वजन, उगवणीची टक्केवारी आणि दहा-दहा झाडांच्या पानांचा टाइप एवढे तीन आकडे इथं टाका, मग कुठली कुटुंबं पुढे न्यायची ते आकडे बघून बोलू.